आकारामाच्या पुढं

सन त्रेपन्न साली माझी बेचाळिशी उलटलेली, तरी मी कोल्हापूर-कागल शर्यतीत उभा राह्यलो. आमच्या मंडळींनी, राजमतीनं, आदल्या दिवशीच सुनावलेलं की थोरलीला पावणं बघाय येत्यात आन् तुमी अर्धी चड्डी घालून रस्त्यानं पळताय, शोभतंय का. मी म्हटलं, पयला नंबर येतोय तोवर सोडायचं न्हाय. सलग तीन वर्सं आलता की! तालमीत माझा फोटो लावलेला, मिशीला पीळ दिलेला, खाली नाव तवनाप्पा मगदूम.

दुसरा नंबर दरसाल आकारामाचा. शाहूवाडीकडचं बाविशीतलं पोरगं, पळायला मीच शिकिवलेलं. मी सगळ्यास्नी सांगायचो, पोरगं गुणाचं हाय, पण माझ्यावानी दम न्हाय त्येच्यात.

गोकुळ शिरगाव मागं पडलं आन् माझ्या पोटरीत गोळा आला. लंगडत चालाय लागलो. मागची पावलंबी चालाय लागली. मी थांबलो, ती थांबली. जरा पळून बघितलं, तर तीबी पळाली. वळून बघतोय तर आकाराम, निवांत उभा, दमबी लागलेला न्हाय. लांबनं पेठ वडगावचा एक गडी पळत येताना दिसत हुता.

"पुढं का जाईनास?" मी इचारलं.

त्यानं मान खाली घातली. "वस्ताद, तुमास्नी मागं टाकून कसं जाऊ?"

"आन् गेली तीन वर्सं?"

मला त्या फोटोतल्या मिशीची लाज वाटली.

पळ म्हटलं, हलंना. शिव्या घातल्या, तरी हलंना. वडगावचा गडी तर जवळ आला. शेवटी कागलकडं निघालेली एक बैलगाडी हात करून थांबवली, छातीवरचा नंबर फाडला आन् कडब्यावर चढून बसलो.

"मी आता शर्यतीत न्हाय," म्हटलं. "आता तरी जा, लेकरा."

त्यो गेला. काय पळत हुतं पोरगं, बघता बघता वळणाआड झालं. असल्या गड्याला मी तीन वर्सं माझ्या चालीला जुंपून ठेवलेला. मला रडू आलं. गाडीवानानं बघितलं, तर मी म्हटलं, कडब्याचं कुसळ डोळ्यात गेलं.

गाडीवान रस्त्याकडंच बघत हुता. म्हणाला, "पावणं, त्येच्या पुढं जाणारं कोण न्हाय की."

"हुता एक," मी म्हटलं. "आत्ताच गाडीत बसला."