ब गटातला माणूस

आकडेबाईंनी आलेख फिरवून वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांपुढे ठेवला आणि वर चढत गेलेल्या रेषेवर पेन्सिलीच्या मागच्या टोकानं टकटक केलं.

"कुठल्या कुंडीत खत घातलंय, हे मोजताना तुम्हाला माहीत होतं?"

"कुंड्या मीच भरल्यात, बाई. माहीत असणारच."

"आणि पट्टी कोणाच्या हातात होती?"

"माझ्याच. म्हणून काय मी रोपं ओढून लांब केली?"

"तुम्ही नाही केली, तुमच्या डोळ्यांनी केली. कुंड्यांना नुसते नंबर द्या आणि मोजायला असा माणूस बसवा, ज्याला त्या रोपांशी काही देणंघेणं नाही. मग या."

प्राध्यापक आलेखाची सुरळी करून निघून गेले. जिना उतरताना त्यांनी बाईंच्या नावानं बोटं मोडली असणार, पण बाईंना त्याचं काही नव्हतं. संस्थेतले भूगर्भवाले, रसायनवाले, मानसशास्त्रवाले, सगळे शेवटी आकडे तपासून घ्यायला याच खोलीत येत. दोन-दोन वर्षं खपून आणलेलं काम बाई अर्ध्या तासात निकालात काढत आणि वर पाणीही विचारत नसत. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवसापुरतंच उरलं होतं. बाईंनी हात लावला की शोध अर्धा मेला, असं रसायनवाले म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलं होतं.

दुपारी त्यांनी मूत्रपिंडाच्या औषधाची आकडेवारी उघडली.

चाचणी साधी होती. निम्म्या रुग्णांना नवं औषध आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत काहीही नसलेली साधी गोळी. कोणाला काय मिळतंय, हे रुग्णांना ठाऊक नव्हतं, त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांना नव्हतं आणि बाईंनाही नव्हतं. बाईंपुढे फक्त अ गट आणि ब गट. कुठलं अक्षर कशाचं, हे संस्थेत एकाच माणसाला माहीत होतं. तो म्हणजे बाटल्या भरून देणारा फार्मासिस्ट, आणि त्याच्या तोंडाला कुलूप होतं.

या चाचणीत बाईंचा धाकटा भाऊ होता. बहिणीला न विचारताच त्यानं नाव घातलं होतं आणि मग पेढा दिल्यासारखी बातमी दिली होती. बाई तडक चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. माझा सख्खा भाऊ आहे, मला यात ठेवू नका, म्हणाल्या होत्या. डॉक्टर हसले होते. तुमच्यापुढे नावं थोडीच येणार आहेत, आणि तुम्ही नाही तर हे करणार कोण? दुसरं कोणी नव्हतंच, हे बाईंनाही मान्य करावं लागलं.

नावं आली नाहीत. पण भाऊ लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, आणि उन्हाळ्यात त्याच्या एका विद्यार्थिनीनं गाडी भिंतीवर नेली होती. मनगट प्लॅस्टरमध्ये घालून बसल्यामुळे भावाची त्या महिन्याची रक्ततपासणी चुकली होती. ब गटातल्या एका ओळीत नेमकी त्या महिन्याची जागा रिकामी होती. वय तेच आणि उंचीही तीच. बाईंनी तिथेच नजर काढून घ्यायला हवी होती. त्यांनी ओळ शेवटपर्यंत वाचली.

मग दोन्ही गट शेजारी शेजारी मांडले. अ गटातली बरीच माणसं सावरत होती. ब गटातली घसरत होती, आणि ती ओळ सगळ्यांच्या पुढे धावत घसरत होती. भावाच्या वाट्याला साधी गोळी आली होती.

आठवड्याभरानं चाचणीवर देखरेख करणारी समिती बसली. मधल्या टप्प्यावर असं बसायचं, गटांमधला फरक पाहायचा आणि तो आधीच आखून ठेवलेल्या रेषेपलीकडे गेला असेल तर गुपित उघडायचं, अशी पद्धत होती. फरक मोठा होता. पण रेषेच्या केसभर अलीकडे होता.

"उघडूनच पाहू या का?" अध्यक्ष म्हणाले. ते औषधशास्त्रातले निवृत्त सर होते, सगळ्यांचे शिक्षक, आणि कागद नाकाला लावून वाचायचे. "समितीला तेवढा अधिकार आहे."

"माझी काहीच हरकत नाही," डॉक्टर चटकन म्हणाले.

सगळे बाईंकडे पाहू लागले. बघा बुवा, एवढं त्या पुटपुटल्या असत्या तरी भागलं असतं. गुपित उघडलं असतं, चाचणी तिथेच थांबली असती, आणि भावाच्या हातात दुसऱ्या दिवशी खऱ्या औषधाची बाटली पडली असती. बाईंना ते इतकं हवं होतं, की त्यांनी टेबलाखाली दोन्ही हात एकमेकांत घट्ट अडकवले. आणि इतकं हवं होतं म्हणूनच त्या नाही म्हणाल्या.

"फरक रेषेच्या अलीकडे आहे. आज उघडलं तर पुढचं सगळं वाया. रेषा आपणच आखली होती."

"मला हा फरक जरा चमत्कारिक वाटतोय, बाई," सर म्हणाले. "दर महिन्याला कोणी विचारपूस करतंय, पथ्य सांगतंय, एवढ्यानंही माणसं सावरतात. अ गट नुसता त्यावरच सावरलेला निघाला तर?"

"तर शेवटी कळेलच, सर."

बाईंच्या पुढे जाऊन बोलायची प्रथा संस्थेत नव्हती. घरी जाताना बसमध्ये बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या रडण्यात थोडा अभिमानही होता. आपल्या माणसासाठी नियम वाकवला नाही, हे कोणाला सांगता येत नव्हतं, एवढंच वाईट वाटत होतं.

रविवारी त्या भावाकडे गेल्या. तो स्टुलावर पाय टाकून बसला होता. पाऊल सुजून चकचकीत झालं होतं.

"ताई, गोळी बंद करतोय मी," बहीण टेकायच्या आत तो म्हणाला.

"का?"

"ताट समोर आलं की ढवळतं. आणि हे पाय बघ. परवा एक पोरगी गाडी घेऊन थेट बसवर निघाली होती. माझ्या बाजूला माझा ब्रेक आहे, पण दाबताना पायच घसरला. दोघंही वर जाऊन गिअर बदलत बसलो असतो." तो हसला आणि लगेच दमला. "गोळी सुरू केली, तेव्हापासून लागलंय हे मागे."

"गोळीनं नाही होत ते."

"तुला काय माहीत?"

बाईंना माहीत होतं. साधी गोळी कोणाचं काय वाकडं करणार? पण हे बोलायची चोरी होती.

भावजय दारात उभी होती. "मीही तेच म्हणते, वन्सं. सोडा म्हणते. सुरू केली तेव्हा जिना चढत होते, आता मधल्या पायरीवर बसतात."

"आजार वाढतोय म्हणून होतंय ते," बाई म्हणाल्या. "गोळीवर खापर फोडू नका. जे शेवटपर्यंत राहतील, त्या सगळ्यांना नंतर खरं औषध मिळणार आहे. मधेच सोडलं की नाव कापतात. मग माझ्यासारखीचीही ओळख चालत नाही."

भावानं मान वाकडी करून बहिणीकडे पाहिलं. "म्हणजे आत्ता मला खोटं मिळतंय?"

"तसं मी कुठे म्हटलं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? तोंडावर लिहिलंय तुझ्या."

"उगाच काहीतरी बोलू नकोस." बाईंचा आवाज चढला. "आई गेल्यापासून आजवर तुझ्याकडे काही मागितलंय मी? आज मागतेय. थोडे महिने राहिलेत. शेवटपर्यंत राहा. माझ्यासाठी राहा."

भावाला बहिणीचा हा आवाज ठाऊक नव्हता. लहानपणी तिनं त्याला दटावलं होतं, क्वचित कानफटातही दिली होती, पण विनवलं कधी नव्हतं. तो ओशाळला. भावजय पाण्याचा पेला घेऊन आली. बाईंनी स्वतः बाटलीचं झाकण फिरवलं, गोळी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती गिळली, जीभ बाहेर काढून दाखवली आणि शाळेतल्या पोरासारखा दात काढत हसला.

त्यानंतर भावजयीनं गोळीची वेळ एकदाही चुकू दिली नाही. वन्संनी सांगितलंय, म्हणायची. ती त्याच्या तोंडात गोळी घालून पेला हातात द्यायची आणि घोट उतरेपर्यंत समोरून हलायची नाही. बाई दर रविवारी जात. भावानं गाडी दुसऱ्याला चालवायला दिली. मग त्याला चपला होईनाशा झाल्या. मग डॉक्टरांनी हाताच्या शिरेवर छोटी शस्त्रक्रिया करून ठेवली, पुढे डायलिसिस लागलंच तर असावी म्हणून. बाई प्रत्येक वेळी त्याला म्हणत, "आता थोडं राहिलंय." त्यांना मनापासून तसं वाटत होतं.

चाचणी संपली तेव्हा बाईंनी शेवटचा हिशोब दोनदा करून पाहिला. फरक आता रेषा ओलांडून खूप पुढे गेला होता. डॉक्टर कडक इस्त्रीचा शर्ट घालून बैठकीला आले. त्यांनी निबंधाचं शीर्षकही ठरवून ठेवलं होतं आणि येता येता दोघांना ऐकवलं होतं.

बाईंनी निकाल वाचला. अ गटाचं मूत्रपिंडाचं काम टिकून आहे, काहींचं सुधारलं आहे. ब गटाचं झपाट्यानं ढासळलं आहे. हा फरक योगायोगाचा नाही.

"छान," डॉक्टर म्हणाले. "आता सांगा."

फार्मासिस्ट कोपऱ्यात बसला होता. त्याचा चेहरा पडलेला होता. त्यानं घसा साफ केला.

"अ म्हणजे साधी गोळी. ब म्हणजे औषध."

"उलट," डॉक्टर म्हणाले.

"उलट नाही, डॉक्टर. बाटल्या मीच भरल्यात. ब म्हणजे औषध."

पंख्याखाली कोणाचा तरी कागद फडफडत होता, तो कोणी धरला नाही. निवृत्त सरांनी निकालाचा कागद नाकाजवळ नेला, सावकाश खालपर्यंत वाचला आणि बाईंकडे सरकवला.

"तुमचं गणित बरोबर आहे, बाई," ते म्हणाले. "औषधानं फरक पडतो. अगदी निःसंशय पडतो. मधल्या बैठकीत उघडलं असतं, तर ब गटातल्या निम्म्यांची तरी मूत्रपिंडं वाचली असती, असं हेच गणित सांगतंय. की मी चुकीचं वाचतोय?"

त्यांना भावाचं काही माहीत नव्हतं. ते शिक्षक होते आणि चूक दाखवत होते, बस्स. बाईंनी कागद पाहिला. रिकाम्या जागेची ओळ त्यांना शोधावी लागली नाही.

"बरोबर वाचताय, सर," त्या म्हणाल्या.

डॉक्टर तोवर उठले होते. ब गटातल्या प्रत्येकाला आत्ताच्या आत्ता फोन करा, गोळी बंद करायला सांगा, बाकीचं उद्या समोर बसवून सांगू, असं ते मदतनिसांना ओरडून सांगत होते. बाई पर्स न घेताच बाहेर पडल्या. रस्त्यावर आल्यावर तिकिटाला पैसे नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या भावाच्या घराकडे चालत निघाल्या. काय सांगायचं, याची वाक्यं त्या जुळवत होत्या. प्रत्येक वाक्य 'मला वाटलं' असं सुरू होत होतं, आणि हेच दोन शब्द आजवर त्यांनी किती जणांच्या तोंडावर फेकले होते.

दार भावजयीनं उघडलं. तिनं एकदम बाईंचे दोन्ही हात धरले. तिचे डोळे ओले होते.

"वन्सं, कसे उपकार फेडू तुमचे?"

"काय झालं?"

"ये, ये ताई!" आतून भाऊ ओरडला. कित्येक आठवड्यांत त्याचा आवाज एवढा चढला नव्हता. तो उशीला टेकून बसला होता. चेहरा सुजलेला, ओठ सुकलेले, आणि त्यावर भलंमोठं हसू. "डॉक्टरांकडून फोन होता. चाचणी संपली. विचारलं मी, आता तरी सांगा की कुठल्या गटात होतो. खऱ्या औषधाच्या गटात होतो मी! खऱ्या! आणि तुझं तोंड बघून मला वाटलं होतं, मी खोट्यात आहे म्हणून. कसली नाटकी आहेस गं तू."

बाई पलंगाच्या कडेला बसल्या.

"मी तर मूर्खासारखा सोडून मोकळा होणार होतो," भाऊ म्हणाला. "तू त्या दिवशी माझ्यामागे लागलीस म्हणून. औषध पोटात असताना माझी ही गत, मग नसतं तर मी केव्हाच गेलो असतो. हो की नाही?"

"अरे, ऐक..." बाई म्हणाल्या.

"नाही, आधी तू ऐक. आता गोळी बंद करा म्हणतायत. चाचणी संपली म्हणून असेल. पण असं कसं? मला लागू पडलेलं औषध मधेच काढून घेणार?" त्यानं बहिणीच्या मनगटावर हात ठेवला. हात गार होता आणि बोटं फुगलेली होती. "तेवढं एक डॉक्टरांच्या कानावर घाल, ताई. याचं बंद करू नका म्हणावं. तुझा शब्द नाही मोडणार ते."

भावजयीनं डोळे पुसले आणि ती पाण्याचा पेला घेऊन आली. या वेळी तो वन्संसाठी होता. बाईंनी तो दोन्ही हातांनी धरला. दोघंही त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"घालते," बाई म्हणाल्या.