खुर्ची उलटी करून बघणारी माणसं

लेकीत आपलं काय काय उतरलंय, हे लोकांना सांगत सुटायची सोफेवाल्याला भारी हौस. लेक दत्तक, दोन वर्षांची असताना घरी आलेली; पण म्हणून हा गडी मागे हटणारा नव्हता. डोळे मिटून, मांडीवर थाप मारून ती हसली की तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "हसणं थेट माझ्या आईचं." कापडाच्या ढिगातून तिने नेमका रंग उपसून काढला की याची छाती फुगलीच. "रंगाची नजर काय आभाळातून पडते? या फोमच्या तुकड्यांत वाढलीये ती!"

राग मात्र त्याने स्वतःकडे कधी घेतला नाही. लेकीचा राग सदा नाकाच्या शेंड्यावर, म्हणून तर तिचं नाव ठिणगी पडलं. त्याबाबतीत आत्याने, म्हणजे सोफेवाल्याच्या थोरल्या बहिणीने, केव्हाच निकाल देऊन टाकला होता. "खाण तशी माती! कुठल्या तापट घरातलं रक्त आहे कोण जाणे. आपल्यात आहे का कुणी असं?" आणि वाकडा गेलेल्या खिळ्यापायी त्याच सकाळी भिंतीवर हातोडी भिरकावलेला सोफेवाला मान डोलवून म्हणायचा, "आपल्यात नाही बुवा." बायको तेवढी भिंतीच्या पोपड्यांकडे बघायची आणि पुन्हा शिलाई मशीनवर वाकायची.

ठिणगी पंचविशीची झाली. एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, जिने मला जन्म दिला तिला भेटायचंय मला. संस्थेकडून निरोप आलाय, ती तयार आहे. तू येशील सोबत?"

"येईन की," तो म्हणाला. घास मात्र तोंडातच फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने एकाच खुर्चीला दोनदा फोम चिकटवला. शेवटी बायकोपाशी बोललाच, "समज, पोरीतलं सगळं त्या बाईचंच निघालं, तर माझं काय उरलं? दत्तकपत्रावरची सही?"

"अहो, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला," बायको दोरा दाताने तोडत म्हणाली. "इतकी वर्षं तुमच्याशेजारी बांधलीये ती. उगाच जीव खाऊ नका. आणि एक सांगून ठेवते. तिथे खुर्ची उलटी करायची नाही."

ही सूचना गरजेचीच होती. सोफेवाला कुठल्याही परक्या खुर्चीवर नुसता बसत नसे. आधी ती उलटी करायची, खालचे पट्टे बोटाने वाजवायचे, भरण चाचपायचं, मगच बूड टेकायचं. साडूच्या घरी हे झालं होतं, दातांच्या दवाखान्यात झालं होतं. एकदा तर बँकेत मॅनेजर जरा उभे राहिले, तेवढ्यात त्यांच्या खुर्चीचे पाय वर.

ठरल्या दिवशी बाप-लेक दुकानाच्या टेम्पोने त्या बाईंच्या घरी पोचले. दार उघडलं. समोर ठिणगीच उभी होती, फक्त केस पिकलेली. आत पडदे, उशा, भिंती, सगळे रंग असे एकमेकांना धरून होते की त्याला काही बोलायची सोयच उरली नाही. रंगाची नजर गेली हातची. मग ठिणगी काहीतरी म्हणाली आणि बाई हसल्या. डोळे मिटून, मांडीवर थाप मारून. सोफेवाल्याने मनातल्या मनात आपल्या आईची माफी मागितली. त्या घरात आपण उगाच आलो असं त्याला वाटलं, आणि फार एकटं वाटलं.

"बसा ना," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "खुर्च्या नुकत्याच मढवून घेतल्यात."

बायकोची ताकीद आठवून तो हात पाठीमागे घट्ट धरून बसला. बूड थेट लाकडाला टेकलं. त्याने दात-ओठ आवळले आणि छताकडे बघत राहिला.

तेवढ्यात शेजारी धाडकन आवाज झाला. ठिणगीची खुर्ची जमिनीवर उलटी पडली होती आणि ती गुडघ्यांवर बसून पट्टे वाजवत होती.

"कुठल्या गाढवाने मढवलीये ही? बाबा, पट्टे जुनेच ठेवलेत! आत वर्तमानपत्राचे बोळे, बोळे भरलेत मेल्याने! पत्ता द्या त्याचा, आत्ता जाऊन त्याच्या डोक्यात घालते ही."

शब्द बापाचेच होते. 'गाढवा'वरचा जोरही त्याचाच. कुठे तोंड लपवावं हे सोफेवाल्याला कळेना.

बाईंना मात्र राग आला नव्हता. त्या नवल वाटल्यासारख्या बघत होत्या. "काहीतरी बिघडलंय हे मलाही कळलं होतं गं. पण कारागिराला बोलायचा धीरच झाला नाही. आमच्यात कुणाला रागावताच येत नाही. माझ्या वडिलांनी खिसा कापणाऱ्याचा हात धरला, तर म्हणाले, 'लागलं नाही ना तुम्हाला?' तू हा राग कुठून आणलास?"

ठिणगीने मान वर न करता अंगठा बापाकडे केला. "हा काय, इथून."

खरं तर त्याला लाज वाटायला हवी होती. पण इतका आनंद झाला की डोळेच भरून आले. तो उठला आणि त्याने आपलीही खुर्ची उलटी केली.

मग दोघांनी मिळून सगळ्या खुर्च्या नव्याने मढवायला टेम्पोत चढवल्या. निघताना बाई त्याच्याजवळ आल्या. "तिला कुणी फसवू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "हे मला तिला देता आलं नसतं."

सोफेवाल्याने नुसते हात जोडले. गाडीत बसल्याबसल्या त्याने बहिणीला फोन लावला.

"ताई, खाण सापडली."

"बघ! मी म्हणत नव्हते?" आत्या गरजली. "कोण निघालं एवढं तापट?"

"मी."