उत्तरार्ध

"पोथ्या? त्या सकाळीच खाडीवर नेल्या भावोजींनी," ठमाबाई दाराआडून म्हणाल्या. "घरात वाचणारं कुणी राहिलं नाही. वाळवीनं खाण्यापेक्षा पाण्यात सोडलेल्या बऱ्या, म्हणाले."

परशुरामपंत तसेच माघारी वळले. कल्याणच्या त्या अरुंद बोळातून ते झपाझप निघाले, आणि कोपऱ्यावर वळताच चक्क धावू लागले. पन्नाशीच्या ब्राह्मणाला पगडी हातात धरून धावताना पाहून लोक थबकले.

ठाण्याच्या शाळेतली मास्तरकी सोडून पंत आता जुन्या पोथ्या मिळवण्याचं काम करत. पुण्याचे एक शास्त्री बीजगणितावरच्या एका जुन्या संस्कृत टीकेचा अभ्यास करत होते. तिचा पूर्वार्ध त्यांच्याकडे होता, उत्तरार्धासाठी पंतांनी कितीतरी गावं पालथी घातली होती. ठमाबाईंच्या दिवंगत यजमानांनी तो नकलून ठेवला होता, हे त्यांना नुकतंच कळलं होतं.

काठावर गुणाजी कोळी जाळं सोडवत बसला होता.

"सकाळी पोथ्या बुडवल्या, त्या कुठं?" पंतांनी धापा टाकत विचारलं.

"माज्याच होडीतून सोडल्या भटजींनी. दोन बुडाल्या. येक थयं खुंटाला अरकलीय." गुणाजीने बोट दाखवलं. "पन देवाची वस्तू, मी कशी काडू?"

"देवाची नाही रे, माणसानंच लिहिलीय. चल लवकर, पाणी चढतंय."

पंत होडीत बसले. खुंटाला अडकलेलं बासन त्यांनी स्वतः वाकून ओढलं. दोन लाकडी फळ्यांमध्ये घट्ट बांधलेली पोथी कडांनी भिजली होती, पण मधली अक्षरं शाबूत होती. पंतांनी तिथंच पहिलं पान वाचलं. उत्तरार्धच होता.

"अवो, ती वाळवाया नको का?" काठावरून गुणाजीची बायको आवडाबाई ओरडली. तिने काठालगतच्या अंगणातला सुकत घातलेला जवळा भराभर गोळा केला, धुतलेलं लुगडं अंथरलं. "हितं मांडा. वाऱ्यानं उडतील, मी शिंपले ठेवते वर."

होडीतून उतरल्यावर पंत क्षणभर कोळ्याच्या अंगणाबाहेर घुटमळले. रस्त्यावरून ओळखीचे दोघे जात होते, त्यांनी पाहिलंही. मग पंत आत आले, मांडी घालून बसले आणि एकेक पान सोडवू लागले. ऊन उतरेपर्यंत तिघं पानं मांडत, उलटत राहिले.

संध्याकाळी पोथी घेऊन ते ठमाबाईंकडे परतले.

"तुमच्या घरची वस्तू आहे. तुम्ही हो म्हणालात तरच पुण्याला नेईन."

दाराआडून ठमाबाईंचा प्रश्न आला.

"शेवटच्या पानावर लिहिणाराचं नाव आहे का हो?"

"आहे."

"वाचा ना. मला कुठं तोंडानं घेता येतंय त्यांचं नाव."

पंतांनी पान उजेडाकडे धरलं. "लिखितं सदाशिवेन कल्याणग्रामे."

 पंत पान ठेवणार, तोच दार थोडं उघडलं. विधवेच्या तांबड्या आलवणाचा पदर नीट डोक्यावर ओढून घेत ठमाबाई उंबरठ्याशी बसल्या.

"न्या तुम्ही पोथी," त्या म्हणाल्या. "पण आणखी एकदा वाचा."