घरजावयाचा समुद्र

“ब्रेक मारू नको!” गुरुदास मागून ओरडला, तेव्हा टेम्पोच्या पुढे म्हैस होती.

टेम्पोवाल्या बाबलीने ब्रेक मारला. म्हैस गेली. मागच्या हौद्यात एका बाल्दीचं झाकण उडालं, त्यातून लाट उठली आणि गुरुदासच्या मांडीवर येऊन फुटली.

“म्हशीक काय सांगू?” बाबलीने केबिनच्या खिडकीतून मान वळवली. “मागे समुद्र असा, जरा बाजूक हो?”

“पुढे बघ.”

“पुढे बघलंय म्हणान तर म्हस वाचली.”

तुयेहून मुळगावला जायला माणसाला फार वेळ लागत नाही. समुद्राला लागतो. कोलवाळच्या पुलावर तर गुरुदासने टेम्पो इतका हळू घ्यायला लावला, की मागून येणाऱ्या एका शववाहिकेने हॉर्न दिला.

गुरुदास तुयेच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात होता. कुणी पोपट पाळतं, कुणी कोंबड्या. तो भाड्याच्या खोलीत समुद्र पाळायचा. काचेची टाकी, तिच्यात केरीच्या किनाऱ्यावरून कॅन भरभरून आणलेलं पाणी, पाण्यात खडक, खडकांवर जिवंत प्रवाळ, दोन झिंगे आणि एक समुद्रफूल. त्या फुलाच्या बोटांसारख्या पाकळ्यांत नारंगी माशांची एक जोडी राहत होती. मासे बाहेर येत, खात, भांडत, आणि पुन्हा फुलात शिरून अंग घासत बसत. गुरुदास कामावरून आला की बूट न काढता त्यांच्यासमोर बसायचा. बायको, तारा, पाठीमागून चहा द्यायची. या व्यवस्थेत सगळे सुखी होते.

मग सासू विहिरीच्या पायरीवर घसरली आणि तिचा खुबा मोडला. सासरे आधीच गेलेले, तारा एकुलती, शिवाय तिची नोकरी डिचोलीच्या दवाखान्यात. तेव्हा दोघांनी मुळगावातच राहायचं ठरलं. म्हणजे गुरुदास घरजावई झाला. कारखान्यातल्या लोकांनी निरोप समारंभ केला, नोकरी सोडलेली नसतानाही. पेडण्याच्या चुलत्याने गंभीर चेहरा करून विचारलं, “तुझी ओटी आमीच भरूची, की कोणा सवाष्णीक बोलवू?”

गुरुदास हसला, पण त्या रात्रीपासून त्याला एका जागी बसवेना. मुळगावच्या घरातलं मेज सासूचं, बसायचं कदेल सासऱ्याचं, जनेलाचा म्हणजे खिडकीचा पडदासुद्धा ताराच्या मावशीने शिवलेला. त्याचं स्वतःचं म्हणण्यासारखं तिथे काही जाणार असेल तर ती टाकी.

“ती नीट पोचली तर मी तिथे राहीन,” तो ताराला म्हणाला होता. “नाहीतर नुसता झोपायला येईन.”

“म्हणजे नांदायला मासे चालले,” तारा म्हणाली, “आणि तू पाठराखीण.”

आज ती ड्युटीवर होती आणि पाठराखीण ओल्या पँटीने अस्नोड्याच्या वळणावर बाल्दीला मिठी मारून बसली होती.

सासू, पार्वतीबाई, काठी टेकून घरापुढच्या बाल्कावात उभी होती. हातात आरती होती. नवी सून येते तेव्हा माप ओलांडते हे सगळ्यांना ठाऊक असतं; घरजावयाने काय ओलांडायचं याबद्दल शास्त्र गप्प आहे. तेव्हा तिने गुरुदासला ओवाळलं, मग क्षणभर विचार करून बाल्द्यांनाही ओवाळलं. बाबली हात जोडून उभा राहिला. आपल्यालाही ओवाळतील असं त्याला वाटलं होतं.

“गावांत उदक नाशिल्ल्यान नळ सुके,” पार्वतीबाई म्हणाली, “आनी जांवय उदक घेवन आयलो. लोकांक कितें सांगूं?”

“खारट असा, कोणी मागूचे नाय,” बाबलीने धीर दिला.

तिने वाकून एका झाकणाच्या फटीतून पाहिलं. “हीं सुंगटां?”

“झिंगे आहेत. पाळीव.”

“सुंगटां पाळतात?” तिने हे पोटात घातलं. पुढे तिने काही विचारलं नाही. पण दुपारच्या जेवणासाठी वाटून ठेवलेलं खोबरं झाकून टाकल्याचं गुरुदासने पाहिलं.

टाकी खिडकीशी मांडली, वाळू पसरली. मग कळलं की लाइट गेलेली आहे. बाल्द्यांत हवा सोडायला बॅटरीवरचा एक छोटा पंप होता. तो पंप विसरू नये म्हणून गुरुदासने आदल्या दिवशीच तुयेच्या खोलीत चार्जिंगला लावला होता. तो अजूनही तिथेच चार्ज होत होता.

“जाऊन येवया,” बाबली म्हणाला. “आता मागे समुद्र नाय. म्हशींचीपण खैर नाय.”

निघताना गुरुदासने सासूला बजावलं. इथे एक अडचण होती. लग्नाला इतकी वर्षं होऊनही तो तिला हाक मारायचं टाळत आला होता. आई म्हणावं तर जीभ अडायची, मामी म्हणावं तर ती मामी नव्हती. तो खाकरायचा. आताही खाकरला आणि म्हणाला, “झाकणं थोडी उघडी असू देत. कशालाही हात लावू नका.”

“ना रे बाबा. हांव कित्याक हात लावूं?”

परत यायला संध्याकाळ झाली. थिवीला रेल्वेचं फाटक पडलेलं, मग बाबलीचा डिझेलसाठीचा थांबा, मग बाबलीचा भजीसाठीचा थांबा. गुरुदास टेम्पोत बसलेला असूनही सगळा रस्ता चालत आल्यासारखा दमला होता. तो पंप छातीशी धरून बाल्कावाच्या पायऱ्या चढला, आणि समुद्र भरून आणलेल्या रंगाच्या बाल्द्या त्याला पालथ्या घातलेल्या दिसल्या. धुऊन, ओळीने.

घरात मधोमध तांब्याचं भाण होतं. पार्वतीबाईच्या लग्नातलं, आंघोळीचं पाणी तापवायचं, पोटाला मोठं, एखादं पोर आत बसेल असं. चिंचेने घासून लखलखीत केलेलं. काठाला हळद-कुंकवाची बोटं. पाण्यावर अबोलीची चार फुलं, आणि त्यांच्याखाली गुरुदासचा सगळा समुद्र.

“बाल्द्यांचेर वत आयिल्लें,” खिडकीतल्या उतरत्या उन्हाकडे बोट दाखवत पार्वतीबाई म्हणाली. ती भाणाशेजारी स्टुलावर बसली होती. पदर भिजलेला, दुखरा पाय लांब केलेला. “उदक हून जातालें. तांब्याच्या भाणांत थंड उरता. आनी नव्या घरांत पयल्या दिसा आयिल्ल्या जिवांक रंगाच्या बाल्दयेंत दवरप? बरें दिसना मरे.”

“हात लावू नका म्हटलं होतं…”

“हात लावंक ना. दवल्यान काडलीं. एकेक.”

तिने नारळाच्या करवंटीचा दवला वर करून दाखवला.

तांबं माणसाच्या पोटाला चांगलं असतं म्हणतात. माशांनाही ते थोडंफार सोसतं. पण समुद्रातल्या ज्या जिवांना पाठीचा कणा नसतो, झिंगे, प्रवाळ, समुद्रफूल, त्यांना ते विष असतं. आणि चिंचेने घासलेलं ताजं तांबं खाऱ्या पाण्यात आणखी लवकर सुटतं. दोन्ही झिंगे तळाशी आडवे पडले होते. समुद्रफूल आक्रसून आवळ्याएवढं झालं होतं. मासे त्याच्याभोवती फिरत होते, आत शिरायला जागा शोधत.

गुरुदासच्या तोंडात जे आलं ते घरजावयाने पहिल्या दिवशी म्हणायचं नसतं. दुसऱ्याही दिवशी नसतं. तेवढ्यात तारा दारात आली. खांद्याची पर्स तशीच ठेवून तिने भाणाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने टाकीत तांब्याचं नाणं टाकलं होतं, नवस म्हणून. त्यानंतर तिला तांब्यावर एक व्याख्यान ऐकावं लागलं होतं, जेवण गार होईपर्यंत.

“आई,” ती म्हणाली, “तू हें कितें…”

“बरं केलंत, आई,” गुरुदास म्हणाला.

ताराने पर्स खाली ठेवली. बाबली चघळत असलेली भजी गिळायची विसरला.

“पाणी थंड राहिलं,” गुरुदास म्हणाला. “आता टाकीत सोडतो.”

मग त्याने हात असे चालवले, की बाबलीला वाटलं घराला आग लागली आहे. बरोबर आणलेल्या कॅनमधलं शिल्लक पाणी टाकीत ओतलं, भाणातलं बाहेर, आणि बाहेर म्हणजे लांब, कारण पार्वतीबाईची अबोली अंगणात होती. खडक पुन्हा पुन्हा धुतले. तांबं शोषून घ्यायला कोळसा लावला. बाबलीला केरीला पाठवलं, पाणी आणायला. “आता म्हशीक बघून ब्रेक मारू, की नको?” एवढंच त्याने विचारलं. लाइट आली, पंप सुरू झाले. गुरुदास बसला, उठला, काचेला नाक लावून उभा राहिला, पुन्हा बसला. सासऱ्याचं कदेल दर वेळी कुरकुरलं.

झिंगे गेलेच. प्रवाळ पुढच्या दिवसांत एकेक पांढरे पडत गेले, जत्रा संपल्यावर दुकानांवरचे दिवे विझावेत तसे. समुद्रफूल फार पाणी पिऊन फुगलेल्या साबुदाण्यासारखं झालं, आणि एका सकाळी गुरुदासने ते गाळणीने काढून केळीच्या मुळाशी पुरलं. मासे राहिले. ते टाकीभर फिरत, पंपाला अंग घासत, खडकाला घासत, कुठेच थांबत नसत.

पार्वतीबाई रोज काठी टेकत टाकीपाशी यायची.

“तें फूल खंय दिसना?”

“झोपलंय, आई. खडकामागे.”

“आनी सुंगटां?”

“तीपण.”

ती मान हलवून स्वयंपाकघरात जायची. तारा नवऱ्याकडे बघायची, नवरा माशांकडे.

एका सकाळी तिने विचारलंच नाही. स्टूल ओढून टाकीशी बसली. गुरुदास कामावर जायचे कपडे घालून, खाणं टाकायला हात पाण्यात घालत होता.

“तारेचो बापूय हॉस्पिटलांत आशिल्लो,” ती काचेकडे बघत म्हणाली, “तेन्ना तुमीं सगळीं म्हाका म्हणटालीं, न्हिदला म्हूण. दोन दीस न्हिदला.”

गुरुदासचा हात पाण्यात तसाच राहिला.

“हांवें मारलीं न्हय तीं?”

“तुम्हाला कुठे ठाऊक होतं, आई.”

“तुका तर खबर आशिल्लें. तूं कित्याक उलयलो ना?”

आपण तेव्हा का बोललो नाही, याचं उत्तर त्याने शोधलं. दुखरा पाय लांब करून एकेक जीव दवल्याने काढणारी बाई त्याला आठवत होती. पण हे मराठीत कसं म्हणायचं ते त्याला येईना, आणि कोकणीत तर त्याहून नाही.

त्याच वेळी मोठा मासा पाण्यातल्या त्याच्या हाताशी आला. थोडा मागे सरकला. मग अर्धवट उघडलेल्या बोटांमध्ये शिरून अंग घासू लागला. मागून धाकटा आला, आणि तोही शिरला.

गुरुदासने बोटं हलवली नाहीत. बाहेर म्हापशाच्या बसने हॉर्न दिला, थांबली, पुन्हा दिला.

“बस गेली मरे,” पार्वतीबाई म्हणाली.

“जाऊ दे.”

पाणी मनगटावरून चढत कामाच्या शर्टाच्या कफापर्यंत आलं होतं. पार्वतीबाई काठी भिंतीला टेकवून उभी राहिली. एका हाताने तिने टाकीची कड धरली, आणि दुसऱ्या हाताने त्याची बाही भिजू नये म्हणून कोपरापर्यंत सारून तशीच धरून ठेवली.