माझ्या पोटातला निरोप्या

मी एक जुना प्रोग्राम आहे. मित्रांनो, नाव विचारू नका, मला कुणी नावच ठेवलं नाही. देवळाली प्रवरेत ऊसतोडणीचं एक छोटं ऑफिस आहे, तिथल्या कॉम्प्युटरमध्ये माझा मुक्काम. एका फडातला ऊस तोडून संपला की टोळीनं पुढे कुठल्या फडात जायचं, हा निरोप मुकादमाच्या मोबाईलवर धाडायचा, एवढंच माझं काम. एवढंच म्हणालो खरं, पण त्या निरोपावर माणसं आपली घरं मोडतात. तोडणीवाल्यांच्या कोप्या बांबूच्या आणि चटयांच्या असतात. निरोप आला की त्या उतरवायच्या, भांडीकुंडी, लेकरं, कोंबड्या ट्रॉलीत भरायच्या आणि नव्या फडाच्या कडेला पुन्हा उभ्या करायच्या.

मला घडवलं कल्याणनं. पोरगा हुशार, पण भारी उतावळा. दिवाळी झाली होती, टोळ्या यायला लागल्या होत्या, आणि ऑफिस चालवणारे राधाकृष्णभाऊ दिवसभर त्याच्या डोक्यावर उभे, "झालं का रे?" मग काय, मला जे जे लागेल ते त्यानं माझ्या पोटातच कोंबलं. मेसेज पाठवणारा माझा जो भाग आहे, त्याला मी निरोप्या म्हणतो. निरोप धाडायची वेळ आली की हा निरोप्या मी स्वतःच तयार करायचो आणि पळवायचो. कुणाकडे मागायला जायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. खरं सांगतो, मला याचा तोरा होता.

कौतुकही झालं. आधी मुकादमांना पुढचा फड विचारायला मोटारसायकलवर ऑफिसात यावं लागायचं आणि बाकड्यावर ताटकळावं लागायचं. ते सगळं थांबलं. पाथर्डीकडून येणाऱ्या टोळीचा मुकादम गोरक्षनाथ तर पेढे घेऊन आला आणि एक पेढा कॉम्प्युटरपुढे ठेवून गेला. तो शेवटी राधाकृष्णभाऊंनीच खाल्ला, पण मान माझा होता.

पुढे कल्याण पुण्याला नोकरीला गेला. मला उघडून बघणारं कुणी राहिलं नाही. चालतंय ना, मग हात कशाला लावायचा, असं सगळ्यांचं मत. हंगामामागून हंगाम गेले. मी निरोप धाडत राहिलो आणि आतून जुना होत राहिलो. वाईट वाटायचं.

या हंगामात राहात्याची धनश्री कामाला लागली. नुकतीच शिकून आलेली, शांत, नखं कुरतडत विचार करणारी. राधाकृष्णभाऊंनी तिला सांगितलं, "मेसेजमधी नुसता फडाचा नंबर जातो. गावाचं नाव पण टाक, मुकादम लोकांची धांदल होते." काम साधं होतं. धनश्रीनं बदल केला आणि नीट चालतोय का हे बघण्यासाठी यादीतला पहिला मुकादम घेतला, गाव म्हणून सोनई लिहिलं आणि मला चालवलं. ही फक्त चाचणी आहे, हे तिला माहीत होतं. मला कसं कळणार? खरी वेळ कोणती आणि चाचणी कोणती, हे सांगायला माझ्याजवळ कुणी नव्हतं. मी सवयीनं पोटातून निरोप्या काढला आणि पळवला. यादीतला पहिला मुकादम गोरक्षनाथ होता.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला तेव्हा कळलं. त्याच्या टोळीनं कोप्या मोडल्या होत्या, ट्रॉलीत बसून सोनई गाठली होती, आणि तिथे त्यांचा फडच नव्हता. जानेवारीचा वारा झोंबत होता. गोरक्षनाथची बायको सुरेखा नुकतीच बाळंत झालेली. तान्ह्या लेकीला पोटाशी धरून ती बांधावर उघड्यावर बसून राहिली. पोरीला ताप भरला होता.

"मॅडम, मेसेज तुमच्याच इथून आला ना?" त्यानं विचारलं. आवाज चढवला नाही. धनश्री राधाकृष्णभाऊंची गाडी घेऊन तशीच निघाली. मायलेकींना तिनं दवाखान्यात नेलं, आणि ताप उतरेपर्यंत तिथून हलली नाही. पोरगी बरी झाली, हे आधीच सांगतो. नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागायचा.

पण गोरक्षनाथची आई लंकाबाई दवाखान्याच्या पायरीवर धनश्रीला म्हणाली, "पोरी, तुझ्यावर राग न्हाई. पन आता ह्या फोनवर आमी कोपी मोडनार न्हाई. मानूस येऊन सांगंल, तवाच हलू." धनश्रीनं हे मला नाही, राधाकृष्णभाऊंना सांगितलं. मी ऐकत होतो. माणसांनी माझ्या निरोपावर विश्वास ठेवला नाही, तर माझं उरलं काय?

"एवढं काय त्यात," राधाकृष्णभाऊ म्हणाले, "चाचणी घेताना नेट बंद करत जा."

"आणि एखाद्या दिवशी मी विसरले तर भाऊ? परत एखादी बाळंतीण उघड्यावर?"

भाऊंनी कल्याणचा नंबर काढून दिला. धनश्रीनं त्याला फोन लावला. तो म्हणाला, "निरोप्या आतच कोंबलाय ना, तोच घोळ आहे. बाहेर काढ त्याला. डिपेंडन्सी इंजेक्शनचं एखादं फ्रेमवर्क लाव."

मित्रांनो, नावाला भिऊ नका, अर्थ एवढाच की प्रोग्रामला जे लागतं ते बाहेरून आणून द्यायचं. तोडणीवाला स्वतः फड शोधत नाही, ट्रॅक्टरही ठरवत नाही. कुठला फड, कुठला ट्रॅक्टर, हे मुकादम जुळवून देतो, तोडणीवाला ऊस तोडतो. फ्रेमवर्क म्हणजे प्रोग्रामच्या भागांचा असाच मुकादम. आता मी निरोप्या बनवायचा नाही. मला निरोप्या लागतो एवढंच सुरुवातीला सांगायचं, आणि फ्रेमवर्कनं तो माझ्या हातात आणून द्यायचा. खऱ्या कामाला खरा. चाचणी चालवली की आपोआप खोटा, जो मेसेज पाठवत नाही, काय पाठवलं असतं ते पडद्यावर लिहून गप्प बसतो.

मला आधी ते आवडलं नाही. पोटातलं काढून नेताना कुणाला आवडेल? शिवाय पहिल्या दिवशी मी चालूच होईना. मी निरोप्या मागितला, पण कुठला द्यायचा हे धनश्री फ्रेमवर्कला सांगायलाच विसरली होती. त्यानं काम सुरू होण्याआधीच हटकलं, "असा कुणी निरोप्या माझ्याकडे नोंदवलेला नाही." धनश्री वैतागली, मग स्वतःशीच हसली. "बरं झालं, इथेच अडलं," ती म्हणाली. तिनं खऱ्या निरोप्याची नोंद केली, चाचणीसाठी खोट्याची वेगळी केली, आणि मी चालू झालो. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

मग ती मला लॅपटॉपमध्ये घालून, गोरक्षनाथची टोळी सोनईहून परतली होती त्या जुन्या फडावर घेऊन गेली. दुपारची भाकरी झाली होती. सुरेखा कोपीच्या दारात लेकीला पाजत होती. धनश्री लंकाबाईला म्हणाली, "मावशी, गोरक्षनाथभाऊंचा फोन तुम्ही हातात धरा. त्या दिवशी केलं होतं तेच मी आता करते."

लंकाबाईनं फोन तळहातावर घेतला. धनश्रीनं मला चालवलं. तोच नंबर, तीच सोनई. मी निरोप तयार केला आणि मला दिलेल्या निरोप्याकडे सोपवला. त्यानं तो पडद्यावर लिहिला.

फोन वाजला नाही. लंकाबाई त्याच्याकडे बघत राहिली.

"परत कर," ती म्हणाली.

धनश्रीनं परत केलं. फोन गप्प.

"रेंज हाय का रं गोरक्ष?"

"हाय आये. फुल हाय."

"मंग अजून एकदा कर." तिसऱ्यांदाही फोन वाजला नाही, तेव्हा सुरेखाच बोलली. "आत्या, ठिवा आता. हात अवघडंल तुमचा." लंकाबाईनं फोन लेकाला दिला. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

त्या फडातला ऊस संपला तेव्हा मला खरं काम आलं. फ्रेमवर्कनं खरा निरोप्या हातात दिला. मी निरोप धाडला: पुढचा फड, राहुरीजवळ. धाडला आणि घाबरलो. थोड्या वेळानं ऑफिसचा फोन वाजला. धनश्रीनं तो मोठ्या आवाजावर लावला.

"पोरी, लंकाबाई बोलते. राहुरीचा मेसेज आलाय. गोरक्ष म्हनतो मानूस यिऊ दे. मी म्हनलं, मीच इचारते. सुरेखा लेकराला घिऊन आत हाय. तू सांग, मोडू का कोपी?"

धनश्रीनं पडद्याकडे बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. "मोडा, मावशी. मेसेज खरा आहे."

पलीकडून लंकाबाईचा आवाज आला, पण आमच्यासाठी नव्हे. "गोरक्ष, दोर सोड. पयली आपली कोपी."

मित्रांनो, मी म्हातारा आहे, पुढच्या हंगामात माझ्या जागी नवा कुणी येईल. तुमच्यातलं कुणी उद्या प्रोग्राम लिहील. त्याला जे लागतं ते बाहेरून द्या, पोटात कोंबू नका, आणि चाचणीच्या वेळी त्याच्या हातात काय दिलंय ते एकदा बघा. तुमच्या चाचणीपायी कुणा बाळंतिणीचं छप्पर उतरू देऊ नका.