रेस द्या, जावईबापू

एअर फिल्टरचा काळा डबा इंद्रजीतनं दोन्ही हातांनी हिसडून काढला आणि अंगणात भिरकावला. डबा बादलीवर आदळला, बादली कलंडली आणि चार दिवसांआड येणाऱ्या नळाचं जपून ठेवलेलं पाणी मातीत गेलं.

“आवो जावईबापू, क्लिपा काढल्या की आपसूक निघतंय ते,” महिपती म्हणाला. “हिसका कशाला द्यायचा?”

“निघालं न्हवं? मग झालं की, मामा.”

महिपतीनं कलंडलेली बादली सरळ केली. जुळे सोलापूरच्या कडेला, घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये पेट्रोल गाड्या दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. दुसऱ्या कुणी असा हिसका दिला असता तर महिपतीनं त्याला गाडीसकट रस्त्यावर ढकललं असतं. पण हा पडला जावई, आणि त्यात धोंड्याचा महिना. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, त्याच्या हातावर वाण ठेवायचं. त्याच्या बायकोनं, सोनाबाईनं, चांदीचं निरांजन आणून ठेवलं होतं. इंद्रजीतनं अकलूजहून फोनवरच सांगितलं, “चांदी नगं. गाडीला कोल्ड एअर इनटेक करून द्या. मोबाईलवर बघितलंय मी. आवाज कसला भारी येतोय!”

गाडी कसली, चौघं बसली की चढावर धापा टाकणारी. पण महिपती हो म्हणाला. तो नेहमीच हो म्हणायचा. दिवाळीला त्यानं मोठा हॉर्न बसवून दिला, तेव्हा पुढे काही दिवस फोनवर लेकीचा, अपेक्षाचा, आवाज मोकळा येत होता. संक्रांतीला तो आवाज पुन्हा बसला, तेव्हा महिपतीनं नवे दिवे बसवून दिले. लेकीचं सुख असं पान्यानं आवळून ठेवता येतं अशी त्यानं स्वतःची समजूत घालून घेतली होती. काय चाललंय ते त्याला ठाऊक होतं. बोललं की ते खरं होणार, म्हणून तो सोनाबाईपाशीसुद्धा बोलला नव्हता. साध्या भाषेत याला भित्रेपणा म्हणतात.

सकाळी आल्या आल्या अपेक्षानं आईच्या हातून पाण्याचा तांब्या डाव्या हातानं घेतला होता.

“उजव्या हातानं घे की गं, सणासुदीचं,” सोनाबाई खेकसली.

अपेक्षा कसनुशी हसली, तिनं दुसरा हात तांब्याला नुसता लावला आणि लगेच ओढणीखाली नेला. महिपतीनं ते बघितलं आणि बॉनेट उघडायला निघून गेला.

इनटेक म्हणजे तरी काय, बोअरला वापरतात तसला प्लॅस्टिकचा पाइप. इंजिनापासून पुढच्या जाळीपर्यंत तो न्यायचा, म्हणजे बॉनेटखालच्या तापलेल्या हवेऐवजी बाहेरची हवा आत ओढली जाते. आता मे महिन्यात सोलापुरात बाहेरची हवा कितीशी गार असणार, हा प्रश्न जावयाला विचारायची सोय नव्हती. पाइप नुसता वाकवला तर चपटा होतो. म्हणून महिपतीनं सोनाबाईची कढई पळवून तिच्यात वाळू तापवली, पाइपात भरली आणि तोंडं चिंध्यांनी बंद केली.

“वाळूत घातली व्हय माझी कढई!” सोनाबाई आतून ओरडली. “पुरणाचे धोंडे काय तुमच्या टोपीत तळू?”

“मऊ पडू द्या,” महिपती इंद्रजीतला म्हणाला. “मग गुडघ्यावर घिऊन हळूहळू वाकवायचा.”

“एवढा येळ?” म्हणत इंद्रजीतनं एक टोक धरून जोर लावला. चिंधी सुटली आणि तापलेली वाळू शेजारी उभ्या असलेल्या अपेक्षाच्या पावलावर पडली. तिनं पाय तेवढा मागे घेतला. तोंडातून आवाज नाही. ज्याला सवय नसते ते माणूस ओरडतं.

“मधी कशाला कडमडतीस?” इंद्रजीतनं तिलाच कोपर मारलं.

महिपतीनं वाळू पुन्हा तापवली, पाइप पुन्हा भरला. वाक सुरेख आला. एक तोंड इंजिनाला, दुसरं जाळीमागे, आणि दोन्हीकडे त्यानं क्लिपा घट्ट आवळल्या. मग त्यानं जावयाला गाडीत बसायला सांगितलं. सांध्यातून कुठं हवा फुसफुसते का ते रेस देऊनच कळतं.

“तू बी बस,” इंद्रजीत अपेक्षाला म्हणाला. “व्हिडिओ काढ. आवाज नीट आला पायजे.”

महिपती बॉनेटखाली वाकला, सांध्यावर तळवा ठेवला. “रेस द्या, जावईबापू! आजून... आजून द्या!”

पाइपातून हवा घोंगावू लागली. शेडचे पत्रे थरथरले. सांधा पक्का होता. समाधानानं त्यानं मान वर केली. उघडलेलं बॉनेट आणि काच यांच्यामध्ये चार बोटांची फट असते, तिच्यातून आतलं दिसतं. चेहरे दिसत नव्हते. स्टिअरिंग दिसलं, अपेक्षाच्या मांडीवर पडलेला मोबाईल दिसला. तिच्या उजव्या हाताला तो धरवला नव्हता. इंद्रजीतचा डावा हात आला, त्यानं तिचं सुजलेलं मधलं बोट पकडलं आणि तार तोडायला वाकवतात तसं मागे वाकवलं. तिचा दुसरा हात डॅशबोर्डवर आपटत होता. ती ओरडत असणार. इंजिनापुढे काही ऐकू येत नव्हतं, आणि आजून द्या, आजून द्या म्हणणारा बाप समोरच उभा होता.

महिपतीनं दार उघडलं आणि इंद्रजीतला गचांडी धरून बाहेर ओढलं. पुढचं फार वेळ चाललं नाही. पहिल्याच ठोशाला महिपतीचं नाक फुटलं. दुसऱ्यानं तो बादलीवर पडला, आणि मग बरगड्यांत लाथा बसू लागल्या.

“माझी बायकू हाय! मी काय बी करीन! तुमी कोन इचारनार?”

महिपतीच्या हाताला पाना लागला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं तो नट सोडून दुसऱ्या कशावर चालवला. गुडघ्यावर बसलेला घाव कडकन वाजला. इंद्रजीत बोंबलला, लंगडत मागे सरला आणि गाडीकडे वळला.

“नगं मला तुमचं वाण! भिकारडी नळी!”

गाडीपुढे उभा राहून, बॉनेटखाली हात घालून तो जाळीमागचा पाइप दोन्ही हातांनी हिसडू लागला. सकाळी डबा हिसडला होता तसाच. पण त्या क्लिपा महिपतीनं आवळल्या होत्या. पाइप हलेना आणि इंद्रजीत सोडेना.

अपेक्षा गाडीतून उतरली. उतरण्याआधी तिनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. पुढे येऊन डाव्या हातानं बॉनेटचा दांडा काढला. पत्रा धाडकन त्याच्या मनगटांवर पडला आणि ती वर चढून बसली.

आता इंजिन बंद होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं. शेजारीपाजारी बाहेर आले. सोनाबाई झारा हातात घेऊन दारात उभी राहिली.

“मामा, सांगा की हिला! मामा! हात गेलं माझं!”

महिपती मातीत बसला होता. नाकातलं रक्त मिशीवरून ओठांत येत होतं. जावयाला नाही म्हणायची त्याच्या जिभेला सवय नव्हती. त्यानं लेकीकडे बघितलं.

“मी न्हाई सांगनार,” तो म्हणाला. “तुला वाटंल तवा उतर, बाळ.”

ती तिला वाटलं तेव्हा उतरली.

शेजारच्या इमामसाबनं रिक्षा काढली. इंद्रजीतला आत बसवलं तेव्हा त्याची बोटं कशीही वळली होती आणि तो लहान पोरासारखा रडत होता.

“दवाखान्यात काय सांगू, बेटा?” इमामसाबनं हळूच विचारलं.

“बॉनेट पडलं म्हणा,” अपेक्षा म्हणाली. “मी बी दर वेळी असंच सांगते, चाचा. पडले म्हणून.”

सोनाबाईच्या हातातला झारा खाली पडला. ती आत गेली आणि बऱ्याच वेळानं तिनं हाक मारली. जावयासाठी मांडलेला पाट तिथंच होता, भोवती रांगोळी, पुढे ताट. त्या पाटावर तिनं लेकीला दंड धरून बसवलं.

महिपती परात घेऊन आला. पाणी तांब्याभरच उरलं होतं. वाळूनं भाजलेली जागा सोडून त्यानं तिचे पाय धुतले. त्याच्या हाताचं ऑइल सुटून परातीतलं पाणी काळं झालं.

“अण्णा, ऱ्हाऊ द्या की,” अपेक्षा म्हणाली, पण तिनं पाय मागे घेतले नाहीत.

सोनाबाईनं ताटात धोंडा वाढला, वर तूप सोडलं. अपेक्षानं उजवा हात उचलून बघितला, पण बोटं मिटेनात. मग तिनं डाव्या हातानं तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

डाव्या हातानं जेवायचं नाही, असं त्या घरात लहानपणापासून बजावलेलं होतं. आई तिच्यासमोर बसली होती, बाप उंबऱ्यावर ओलं फडकं नाकाला लावून बसला होता. सोनाबाईनं तुपाची वाटी उचलली आणि तिच्या डाव्या बाजूला ठेवली.