उसापलीकडची थाळी

“मॅडम, गोष्टीतल्या माणसाला एकटं वाटायचं झालं की त्याला माळावरच का जावं लागतं? घरात बसून नाही का वाटत?”

वर्गातल्या सगळ्या माना वळल्या. प्रश्न प्रतीक्षाच्या तोंडून निघाला खरा, पण त्याच्यामागे टीना आणि प्राचीची पैज होती. औटी मॅडमना भर तासात आडवा प्रश्न विचारून दाखवायचा, मग टीना तिच्या पप्पांच्या दुकानातलं सगळ्यात मोठं चॉकलेट देणार. मागच्या वर्षी हजेरीला ‘यस मॅडम’ म्हणतानाही प्रतीक्षाचा आवाज घशात अडकायचा. पण दहावीत आली, वक्तृत्वात नंबर आला आणि पोरीला आपला आवाज सापडला. सापडल्यापासून ती तो दिवसभर वाजवत फिरत होती.

औटी मॅडमनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की कुणाचं तरी भरलं, हे अख्ख्या शाळेला माहीत होतं. प्राचीने डोकं बाकाखाली घातलं.

“माळावर हाक मारली तर काय होतं गं?” मॅडमनी विचारलं.

“काही नाही होत. ऐकायला कुणी असतं कुठं?”

“हां. हाक जाते आणि तिकडचीच होते. नजर जाते, तिला टेकायला झाड नाही, भिंत नाही. वाचणाराही त्या ओळींतून तसाच चालत राहतो, त्याच्या हाताला काही लागत नाही. मग ‘तो एकटा होता’ असं लिहावंच लागत नाही लेखकाला. माळ बोलतो त्याच्या वतीने. पटलं?”

“पटलं... थोडंसं.”

“थोडंसं!” मॅडम हसल्या. हेही नवीनच. “मग उरलेलं तू लिहून दाखव. शुक्रवारी एकटेपणाची गोष्ट आण. जमली तर गॅदरिंगला स्टेजवर तूच वाचायची.”

स्टेज म्हटल्यावर प्रतीक्षाच्या कानात टाळ्या सुरूही झाल्या.

संध्याकाळी तिचे पप्पा, रत्नदीप, न्यायला आले. गावापासून वस्तीपर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंनी उसाने गिळलेला. रत्नदीप त्या वाटेला लागले की गाडीचा हॉर्न दाबून धरायचे, तो थेट अंगणात आल्यावरच सोडायचे. बिबट्याच्या भीतीने आता सगळेच असं करत. काळोख पडला की पोरं आत, शेळ्या आत, दार बंद.

रत्नदीप मोटार रिवायंडिंगचं काम करायचे. आसपासच्या गावांतल्या विहिरींवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे येत. हात मोठे कसबी. या पावसाळ्यात त्यांनी घरावर स्वतः बनवलेला सोलरचा भोंगा बसवला होता. अंधारू लागलं की लाल दिवा लुकलुकायचा आणि थोड्या थोड्या वेळाने कुत्रं भुंकल्याचे, फटाके फुटल्याचे आवाज निघायचे. “आता बिबट्याचा बापबी फिरकत न्हाई,” म्हणत त्यांनी तो अर्ध्या गावाला दाखवला होता.

बिबट्या फिरकला नाही, हे खरं. पण आई मिटली होती.

प्रतीक्षाची आई अंजना म्हणजे पौर्णिमेला विहारात वंदना सुरू करायची तर हिच्याच आवाजात, असा तो आवाज. आता ती कामापुरतं बोलायची आणि आठवड्यातून एकदा तरी म्हणायची, “मी अवसरीला जाते. ऊस तुटंस्तवर राहते तिकडं.” अवसरी बुद्रुक तिचं माहेर. पप्पा म्हणायचे, “काय कमी हाय हितं?” आई म्हणायची, “काय न्हाई कमी.” संपलं. कपाटावरची तिची बॅग खाली आली होती, हे प्रतीक्षाने पाहिलं होतं. आई गेली तर? हा प्रश्न मात्र तिने कुणालाच विचारला नव्हता. वर्गात काहीही विचारणारी पोरगी घरात तेवढी गप्प होती.

गोष्ट तिने एका बैठकीत लिहून काढली. उजाड माळ. निष्पर्ण बाभूळ. बाभळीवर गिधाड. सोसाट्याचा वारा आणि त्या वाऱ्यात भटकणारा, दाढी वाढलेला एक उदास मनुष्य. लिहिताना तिला स्वतःलाच भरून आलं.

शुक्रवारी मॅडमनी वाचली आणि चष्मा काढला.

“प्रतीक्षा, तू गिधाड कधी बघितलंस?”

“टीव्हीवर.”

वर्ग हशाने फुटला. टीनाने तोंडात ओढणी कोंबली.

“हा मनुष्य कोण? दाढी का करत नाही?”

“दुःखात आहे ना, मॅडम.”

“कसलं दुःख?”

ते ठरवायचं राहूनच गेलं होतं.

“अगं, हा माळ तू कुठूनतरी उचलून आणलास,” मॅडम म्हणाल्या. रागाने नाही. “तुमच्या वस्तीवर रिकामं काय आहे, ते लिही.”

“आमच्याकडं रिकामं काहीच नाही. जिकडं बघाल तिकडं ऊस. हिरवागार.”

“मग त्या हिरव्याकडे बघ जरा. सोमवारी आण.”

दुसरी एखादी रडली असती. प्रतीक्षाने मधल्या सुट्टीत टीनाकडून पैजेचं चॉकलेट वसूल केलं आणि एकटीने खाल्लं.

“अगं, आम्हाला तरी दे,” प्राची म्हणाली.

“मी एकटेपणाचा अभ्यास करतेय. डिस्टर्ब करू नका.”

शनिवारी संध्याकाळी पप्पा मोटार बसवायला गेले होते. प्रतीक्षा दारात बसून उसाकडे बघू लागली. खरोखर, दिसत काहीच नव्हतं. दोन पुरुष उंच हिरवी भिंत, अंगण संपलं की लगेच सुरू. नजर टेकायला जागाच जागा, पण जाणार कुठे? लहानपणी तर इथून शेजारच्या मोहिनीकाकूचं घर दिसायचं. तिची तुळस, तिची वाळत घातलेली निळी साडी, सगळं. मध्ये आपलंच वावर, पण तेव्हा त्यात भुईमूग असायचा. काकू तिकडून ओरडायची, “अंजे, काय गं कालवण?” आणि आई इकडून सांगायची.

आई उंबऱ्यात थाळीत तांदूळ निवडत होती. दिवस मावळला. आईने निवडलेले तांदूळ डब्यात ओतले, रिकामी थाळी डाव्या हातात उभी धरली, उजव्या हाताने उलथनं उचललं आणि मान उसाकडे वळवली.

तेवढ्यात छपरावरचा भोंगा भुंकला.

आईचा हात खाली आला. उलथनं तिने जिथल्या तिथे ठेवलं.

प्रतीक्षाला आठवलं. भोंगा यायच्या आधी आई रोज या वेळेला थाळी वाजवायची. बिबट्याला पळवायला. म्हणून तर पप्पांनी भोंगा केला, हिला रोजचा ताप नको म्हणून.

“आई, आता कशाला थाळी? भोंगा आहे की.”

“हाय की.”

“मग?”

“बिबट्या थाळीला भितो व्हय गं? त्यो लग्नातल्या बँडलाबी भीत न्हाई.”

“मग तू वाजवायचीस कशाला?”

आईने रिकामी थाळी पदराने पुसली. “मी वाजवली का मोहिनी तिकडून डबा वाजवायची. तेवढंच.”

“तेवढंच म्हणजे?”

“म्हंजे ती हाय. आन् मी हाय.”

भोंग्याने फटाके फोडले. आई त्याच्यावर आवाज चढवून म्हणाली, “ह्यो रोज बोंबलतो. त्यात थाळी कुणाला ऐकू जायची? मी दोन-चार दिस वाजवली. तिकडून कायच आलं न्हाई. मग सोडून दिली.”

“फोन करायचास ना काकूला!”

“फोन करून बोलायचं काय? सांगण्याजोगं काय घडतंय का रोज? ती बी दिवसभर रानात, मी बी रानात. सांजच्याला त्या उसातनं जाता येत न्हाई. आन् ह्यांना कसं सांगायचं? जीव लावून केलाय त्यांनी.”

हाक जाते आणि तिकडचीच होते. मॅडमचं वाक्य प्रतीक्षाच्या अंगावर सर्रकन आलं. माळ शोधत ती लांब कुठेतरी गिधाडाच्या मागे गेली होती, आणि माळ तर इथे होता. उंबऱ्यापुढे. दाट हिरवा.

ती उठली, भिंतीवरच्या बोर्डाशी गेली आणि भोंग्याचं बटण बंद केलं.

“अगं, पप्पा वरडतील!”

“ओरडू दे. आण ती थाळी.”

“तू कशाला, मी...”

“तू हळू वाजवशील.”

आणि प्रतीक्षाने थाळी अशी बडवली की गोठ्यातल्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या. मग थांबली. ऊस सळसळला. काही नाही. पुन्हा बडवली. आईने पदर तोंडाशी धरला होता, डोळे त्या भिंतीवर.

आधी वाटलं भास झाला. मग नीट आला. ठण्. ठण् ठण्. पत्र्याच्या डब्याचा आवाज, उसाच्या पार पलीकडून. आणि त्यामागून मोहिनीकाकूचा चिरका आवाज, शब्द एकही न कळणारा.

आईने प्रतीक्षाच्या हातून थाळी हिसकावून घेतली. वाजवता वाजवता ती हसत होती आणि नाक ओढत होती. “म्हातारी झाली तरी गप बसायची न्हाई ती,” म्हणाली. काकू आईहून दोनच वर्षांनी मोठी होती.

हॉर्नचा आवाज उसातून जवळ जवळ येत अंगणात थांबला. रत्नदीप गाडीवरून उतरतात तर भोंगा बंद आणि बायको थाळी बडवतेय.

“काय झालं? आला व्हता का?”

“कुणी आलं नव्हतं पप्पा, हाच तर घोटाळा आहे. आधी पाणी घ्या.” प्रतीक्षाने तांब्या त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, एका दमात, थाळीचं, डब्याचं, भोंग्याचं. रत्नदीप तांब्या तसाच धरून बायकोकडे वळले.

“मला एका शब्दानं बोलली न्हाईस.”

“तुमी एवढ्या हौशीनं केला...” आई पुटपुटली.

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि छपरावरच्या भोंग्याकडे मान वर केली. ती गप्प बसायची वेळ नव्हती. प्रतीक्षा ओट्यावर चढली. स्टेज नाही तर ओटा.

“पप्पा, आई, दोघंही ऐका. मी ठरवलंय. भोंगा गोठ्यावर जाईल आणि थाळीच्या वेळेला बंद राहील. ऊस तुटला की घरापुढच्या वावरात पुन्हा फुटणारा खोडवा ठेवायचा नाही. बुडखे उपटायचे आणि भुईमूग लावायचा, काकूच्या अंगणापर्यंत. भुईमुगात उसापेक्षा जे पैसे कमी येतील त्यावर आपण उद्या भांडू. आई, तुझी बॅग मी आत्ता परत कपाटावर ठेवतेय. आणि गॅदरिंगला मी हीच गोष्ट वाचणार आहे, तेव्हा मोहिनीकाकूला घेऊन तुम्ही तिघं पहिल्या रांगेत बसायचं.”